खांबावर चढण्याआधी

परवा दुपारचा तास संपवून स्टाफरूमकडे आलो, तर दारात आमचा एक विद्यार्थी उभा. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीतल्या एका छोट्या गावचा. हातात कागद होता. म्हणाला, "सर, चारित्र्याच्या दाखल्यावर सही पाहिजे होती." कागद घेताना सहज खाली लक्ष गेलं. पोराच्या दोन्ही नडग्या सोलवटलेल्या, घोट्याच्या आतल्या बाजूला जखमांच्या खपल्या.

"काय रे, पडलास कुठं?"

"नाही सर. खांब चढायला शिकूलालोय."

वीज खात्यात लाइनमन व्हायचं त्याच्या मनात आहे. गावाबाहेर सिमेंटचा एक जुना खांब काही कामाविना उभा आहे, तारा नसलेला. रोज पहाटे चार-पाच पोरं तिथं जमतात आणि आळीपाळीने चढतात. त्याला वरपर्यंत जायला आता मिनिटसुद्धा लागत नाही, हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा हा पोरगा एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. घंटा झाली, म्हणून कागद माझ्याकडेच ठेवून घेतला आणि उद्या ये म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने त्याची आई आली. डोक्यावरचा पदर सावरत दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. म्हणाली, "सर, तेवढी सही करू नका. आमच्या वाड्यातलं एक पोरगं असंच कंत्राटदाराकडे लायनीच्या कामाला गेलं. सकाळी भाकरी बांधून गेलं ते संध्याकाळी गाडीतनं आणलं. लाईन बंद हाय म्हणून सांगिटली होती त्याला."

वाचकहो, वीस वर्षं मी मराठी शिकवतो. कवितेतलं मरण कसं समजावून सांगायचं ते मला येतं. पण या माउलीला काय सांगायचं ते सुचेना. दाखला अडवून ठेवण्याचा मला अधिकार नव्हता, कारण पोराचं चारित्र्य उत्तमच आहे. आणि सही करून मोकळं होण्याचं धैर्यही होईना. "चार दिवस थांबा," एवढंच म्हणालो.

आधी या नोकरीची चौकशी केली. आपल्याकडे घरोघरी दहावी-बारावी झालेली मुलं आहेत, तेव्हा ती इथं सांगून ठेवतो. कोणाच्या तरी कामाला येईल.

कर्नाटकात या कामगाराला आता लाइनमन म्हणत नाहीत. कागदोपत्री तो 'पॉवरमन', नवा असेल तर 'ज्युनियर पॉवरमन'. आपल्या बेळगावसह उत्तर कर्नाटकातल्या सात जिल्ह्यांचा वीजपुरवठा हेस्कॉम पाहते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या वीज पारेषण निगमाने पॉवरमन आणि स्टेशन अटेंडंट मिळून २९७५ जागांसाठी अर्ज मागवले होते. शिक्षणाची अट फक्त दहावी, आणि निवड दहावीच्या गुणांवर. पण त्याआधी अंगमेहनतीची चाचणी. आठ मीटरचा खांब चढणं सक्तीचं. शिवाय धावणं, दोरीवरच्या उड्या आणि गोळाफेक. आमच्या पोराच्या नडग्या सोलवटल्या त्या या आठ मीटरसाठी. त्या वेळी तो अर्ज करू शकला नाही. पुढची जाहिरात निघेल तेव्हा कमी पडायचं नाही, अशी त्याची जिद्द.

महाराष्ट्रात वाट जरा वेगळी. महावितरणमध्ये 'विद्युत सहाय्यक' म्हणून सुरुवात होते. तिथं नुसती दहावी-बारावी चालत नाही. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री, म्हणजे आपल्या भाषेत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. २०२३ सालच्या जाहिरातीत ५३४७ जागा होत्या. पहिली तीन वर्षं कंत्राटी, मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये. त्यानंतर काम समाधानकारक असेल तर तंत्रज्ञ म्हणून कायम. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना तिकडच्या सरकारी भरतीत पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. प्रत्येक जाहिरातीतलं हे कलम सीमाभागातल्या पालकांनी नीट वाचावं; मुदत संपल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो. गोव्यात वीज हे अजून सरकारी खातंच आहे. तिथं 'लाईन हेल्पर' म्हणून भरती होते, पण रहिवासाची आणि कोकणीची अट असते.

म्हणजे आपल्या मुलाला घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर तीन राज्यांचे तीन दरवाजे दिसतात, आणि प्रत्येक दरवाजावर वेगळी पाटी आहे. पण या सगळ्या पाट्यांवर मिळून एक गोष्ट कुठंच लिहिलेली सापडली नाही: त्या माउलीच्या प्रश्नाचं उत्तर. ते विचारायला मी आमच्या गल्लीतल्या मामांकडे गेलो.

मामा म्हणजे निवृत्त लाइनमन. चौतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. त्यांच्याकडे जाताना माझी पावलं जरा जड होती. त्याचं कारण सांगायला हवं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरीजेवणाचा दिवस. घरी पंचवीस पानं व्हायची होती. पाऊस कोसळत होता आणि सकाळी दहाच्या सुमाराला लाईट गेली. टाकीत पाणी नाही, मिक्सर बंद, पाहुणे दारात. अर्ध्या तासाने मामा आणि त्यांचा एक मदतनीस कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपाशी आले. वरची ११ केव्हीची एक तार इन्सुलेटरवरून सुटून लोंबत होती. मला वाटलं, झालं आता, दहा मिनिटांचं काम. पण मामा काही खांबावर चढेनात. नुसते खाली उभे. मध्येच फोन करायचे, मध्येच गल्लीत चक्कर मारायचे. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. शेवटी मी छत्री घेऊन गेलो आणि चारचौघांत त्यांच्यावर ओरडलो. "मेन बंद केलंय म्हणता, मग चढायला काय होतंय? पगार कशाचा घेता?" असं काहीतरी बोललो. शिकल्या-सवरलेल्या माणसाने बोलू नये असं.

मामा शांतपणे म्हणाले, "सर, लाईन क्लिअर आलेली नाही. आणि तुमच्या गल्लीत कुठंतरी जनरेटर वाजूलालाय. तो कुणाचा ते कळूद्या आधी."

तो जनरेटर मागच्या गल्लीतल्या एका घरी सापडला. लाईट गेली म्हणून मुलांनी भाड्याने आणून घराच्या वायरिंगला जोडलेला. जोडताना मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढायचा राहिला होता. तो बंद करून घेतला, स्टेशनकडून लाईन क्लिअर आली, मामांनी अर्थिंग केलं आणि मग ते चढले. बारा मिनिटांत लाईट आली. आमची पंगत तासभर उशिरा बसली, एवढंच काय ते नुकसान. त्या जनरेटरचा आणि मामांच्या थांबण्याचा काय संबंध, हे त्या दिवशी मला कळलं नव्हतं. विचारायचीही लाज वाटली. ते एवढ्या वर्षांनी परवा विचारलं.

मामांनी चहाच्या बशीत बोटाने पाणी ओढून समजावलं. ट्रान्सफॉर्मर हे दोन्हीकडून चालणारं यंत्र आहे. वरून ११,००० व्होल्ट आले की तो ते उतरवून आपल्या घराजोगे करतो. हे आपल्याला ठाऊक असतं. पण खालून कोणी घरगुती दाबाची वीज आत ढकलली, तर तोच ट्रान्सफॉर्मर ती चढवून वरच्या तारेत हजारो व्होल्ट उभे करतो. म्हणजे स्टेशनात लाईन बंद, कागदावर लाईन बंद, आणि खांबावरच्या माणसाच्या हातातली तार मात्र जिवंत. घराघरांत इन्व्हर्टर आणि जनरेटर आल्यापासून हा धोका गल्लोगल्ली पसरला. शेतातही हेच; एका पंपाच्या पेटीला दोन ट्रान्सफॉर्मरच्या लाईनी जोडून ठेवणारे महाभाग आहेत. या फीडरला लाईट नसली तर त्या फीडरवरून पाणी ओढायचं. पाणी येतं, आणि त्याच वाटेने करंट बंद लाईनीत उलटा येतो.

"तुमच्या त्या पोराच्या गावचा माणूस असाच गेला असणार," मामा म्हणाले. "लाईन बंद होती हे खरंच असेल. बंद होती, पण मेली नव्हती."

मी विचारलं, मग माणसाने भरवसा कशावर ठेवायचा? मामांनी बोटं मोडत क्रम सांगितला. त्यांनी तो चौतीस वर्षं मोडला नाही.

पहिलं, लाईन क्लिअर. लाईनवर काम करणारा माणूस सबस्टेशनच्या ऑपरेटरकडे मागणी करतो. ऑपरेटर त्या फीडरचा ब्रेकर उघडतो, आयसोलेटर उघडतो, 'माणसं काम करत आहेत' अशी पाटी लावतो आणि नंबर देतो. महाराष्ट्रात यालाच परमिट म्हणतात. ज्याने ते घेतलं त्यानेच ते परत करायचं, दुसऱ्याने नाही. काम संपलं की सगळी माणसं खाली उतरली का ते मोजायचं, मग परत करायचं.

दुसरं, कामाच्या जागेपाशी असलेला स्विच स्वतः उघडायचा आणि त्याचे तिन्ही पाते वेगळे झाले का ते डोळ्यांनी पाहायचं. गंजलेल्या स्विचचा दांडा खाली येतो, दोन पाते उघडतात आणि तिसरं चिकटून राहतं. दांड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

तिसरं, टेस्टरने तपासायचं. आणि टेस्टर चालतो की नाही हे आधी चालू लाईनवर पाहून घ्यायचं, काम झाल्यावर पुन्हा पाहायचं.

चौथं, अर्थिंग. कामाच्या दोन्ही बाजूंना. दांडीची वायर आधी जमिनीला जोडायची, मग तारेला लावायची. काढताना उलट, आधी तारेवरून आणि शेवटी जमिनीतून. असं केलं म्हणजे कुठूनही चुकून करंट आला तरी तो माणसातून न जाता सरळ जमिनीत जातो. "हे केल्याशिवाय तार आपली नव्हे," मामा म्हणाले. "सबस्टेशनचा साहेब छातीठोक सांगूदे, मंत्री सांगूदे, घरात गणपती असूदे."

हे शेवटचं माझ्याकडे न बघता म्हणाले. मी बशीकडे बघत राहिलो.

यात नवीन काही नाही. १९५६ च्या वीज नियमांत सुरक्षेची कलमं होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली ती नव्याने घालून दिली. नियम आहेत, पुस्तकं आहेत, हातमोजे, हेल्मेट, पट्टे आहेत. तरी आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात. त्यात शेतकरी असतात, बायका-मुलं असतात आणि लाईनवरचे कामगारही असतात. माणसाच्या जिवाला किती करंट पुरतो, ते मामांनी सांगितल्यावर मी घरी येऊन पुस्तकात पडताळून पाहिलं. साठ वॅटचा साधा बल्ब जेवढा करंट घेतो, त्याचा चौथा-पाचवा हिस्सा हृदयातून गेला तरी ते बंद पडू शकतं.

मग नियम मोडतात कुठं? मामांचं उत्तर असं की नियम मोडतात ते घाईत, आणि घाई लाइनमनची कधीच नसते. ती असते आमच्यासारख्या फोन करणाऱ्यांची. आमचा फोन साहेबाला जातो, साहेबाचा लाइनमनला, आणि कायम नोकरीतला लाइनमन वयाने पन्नाशीचा असेल तर तो कंत्राटावरच्या बावीस वर्षांच्या पोराला म्हणतो, "चढ रे, काही होत नाही." त्या पोराच्या अंगावर धड हातमोजे नसतात. नाही म्हणण्याइतकी त्याची नोकरी पक्की नसते. खांब चढण्यात मात्र तो सगळ्यांत तरबेज असतो.

मामांचा एक जोडीदार असाच गेला. खूप जुनी गोष्ट, गाव-नाव सांगत नाही. संध्याकाळची वेळ, एकच जंपर बांधायचा राहिलेला. अर्थिंगची दांडी दुसऱ्या गाडीत होती. ती येईपर्यंत पाऊण तास गेला असता. "थांबू म्हणालो मी," मामा सांगत होते. "तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम. माझं वय त्याच्यापेक्षा कमी. मी पुन्हा थांबू म्हणालो नाही." एवढं बोलून ते उठून आत गेले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा हातात जुनी पिशवी होती. पिशवीत त्यांचे रबरी हातमोजे. निवृत्तीच्या दिवशी जमा करायचे ते जमा केले, पण हे फाटके म्हणून रद्दीत काढलेले ठेवून घेतले होते. मोज्याचं तोंड गुंडाळत हवा आत कोंडून मला दाखवलं. एका बोटाच्या टोकातून हवा फुस्सकन बाहेर आली. सुईच्या टोकाएवढं छिद्र. "रोज सकाळी अशी हवा भरून बघायची. सांगा तुमच्या पोराला. खांब चढायला आठ दिवसांत येतं."

रविवारी मी मायलेकांना मामांच्या घरी बोलावलं. आई येणार नाही असं वाटलं होतं, पण आली. पोरगा मामांसमोर मांडी घालून बसला. मामांनी त्याला आधी पाय दाखवायला सांगितलं, नडग्या बघून हसले आणि म्हणाले, "चढतोस चांगला. आता मला सांग, साहेब खाली उभा आहे, चढ म्हणतोय, आणि अर्थिंग झालेलं नाही. काय करशील?"

पोरगा गप्प. मग हळूच म्हणाला, "चढायचं नाही."

"साहेब चिडला तर?"

पोरगा पुन्हा गप्प. मामा थांबले. आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. आपण घरात, शाळेत, कॉलेजात पोरांना मोठ्यांचं ऐकायला शिकवतो. वर्गात उलट बोलणाऱ्या मुलाला मीही बाहेर काढलेलं आहे. मोठ्या माणसाला नम्रपणे पण ठामपणे 'नाही' कसं म्हणायचं, याचा धडा आमच्या कोणत्याच पुस्तकात नाही. आणि या पोराचा जीव पुढं त्याच एका शब्दावर अवलंबून राहणार आहे.

"साहेबाला म्हणायचं," मामांनीच सांगितलं, "साहेब, लाईन क्लिअरचा नंबर सांगा, मी वहीत लिहून घेतो. एवढंच म्हणायचं. भांडायचं नाही. नंबर लिहून घेतो म्हटलं की निम्मे साहेब आपोआप थांबतात. वही कायम खिशात ठेवायची."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि सर, याला कन्नड शिकवा."

मी मराठीचा प्राध्यापक. सीमाभागात मराठी शाळा टिकाव्यात म्हणून मीही सह्या गोळा करत फिरलो आहे, अजूनही फिरेन. पण मामांचं म्हणणं मला तिथल्या तिथं पटलं. लाईन क्लिअर फोनवर मागायची असते. पलीकडचा ऑपरेटर कन्नडमध्ये बोलणार. पाऊस, वारा, खरखरणारा फोन. एका फीडरऐवजी दुसऱ्याचं नाव ऐकू आलं, 'देतो' ऐवजी 'दिलं' असं समजलं, तर दुरुस्ती करायला कोणी उरत नाही. ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवायचं, समोरच्याकडून हो म्हणवून घ्यायचं, हे त्याच्या भाषेत जमलं पाहिजे. नोकरीच्या अटीसाठी कन्नड लागतंच. पण त्याहून ते खांबावरच्या जिवासाठी लागतं. महाराष्ट्रात गेला तर मराठी आहेच. माझ्या विभागातले कन्नडचे सहकारी संध्याकाळी त्याला अर्धा तास द्यायला तयार झाले आहेत.

मामांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. खांबाची तयारी करणाऱ्या पोरांनी आयटीआयचा कोर्सही करावा. कर्नाटकात सक्ती नसली तरी वीज काय आहे ते कळून चढलेला माणूस वेगळा असतो, आणि महाराष्ट्राचा दरवाजाही उघडा राहतो. दुसरं, सराव करताना खाली वाळू किंवा गवत पसरावं, एकट्याने चढू नये आणि तारा असलेल्या खांबाला हात लावू नये, मग ती लाईन कितीही वर्षांची बंद असो. मुलींनाही हा रस्ता बंद नाही. तेलंगणात २०२० च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनी खांब चढण्याची चाचणी दिली आणि त्यातून तिथं लाइनवुमन कामावर रुजू झाल्या.

आपल्यासाठीही थोडं सांगून ठेवतो. तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, दुसऱ्यांना जाऊ देऊ नका. पायाखालच्या जमिनीतही करंट उतरलेला असतो. आपण त्या टापूत सापडलोच तर ढांगा न टाकता पाय जवळजवळ घासत बाहेर यावं. १९१२ या नंबरवर कळवावं. कोणी चिकटलं असेल तर आधी वीज बंद करायची. नुसत्या हाताने ओढायला गेलेला दुसरा माणूस पहिल्याबरोबर जातो. आणि घरात जनरेटर असेल तर तो जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवूनच जोडा. त्या स्विचची किंमत हजार-दोन हजारांत असते. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी मुलगा खांबावर असतो.

निघताना त्या माउलीने मामांना एकच प्रश्न विचारला. "एवढी वर्सं गेलात, भ्या वाटलं नाही?"

"रोज वाटलं," मामा म्हणाले. "म्हणून तर निवृत्त होऊन घरात बसलोय."

ती काही बोलली नाही. पोरगा चप्पल घालायला बाहेर गेला, तेव्हा मी खिशातून तो दाखल्याचा कागद काढला आणि तिला विचारलं, "काय करू?" तिने कागदाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या लेकाच्या पाठीकडे पाहिलं. "जाऊलालाच तर मी काय अडवू," ती म्हणाली. "करा सही. पण सर, तुमी लोकांनी एक करा. लाईट गेली म्हणून फोनवर वराडू नका. वर कोण हाय ते तुमास्नी दिसत नाही."

तिला आमची गौरीजेवणाची गोष्ट ठाऊक नव्हती. मामांनी ती सांगितली नव्हती, आणि मीही सांगू शकलो नाही. मामांच्याच पेनाने कट्ट्यावर बसून सही केली.